हरोळीची शीळ घालणारी बनुबाई

बाईमाणसानं शीळ घालू नये, असं सांगणारी माणसं बनुबाईला आयुष्यभर भेटत राहिली. तिनं सगळ्यांचं निमूट ऐकून घेतलं आणि शीळ घालायची तेव्हा घातलीच. आता ती सत्तरीच्या घरात आहे. पलूसपासून कोसभर आत, उसाच्या पट्ट्यात तिचं घर. नवरा लालासाहेब तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेला, मुलगा जयराज शेती बघतो, दारात दोन म्हशी. बाहेरून पाहणाऱ्याला त्या घरात वेगळं असं काही दिसणार नाही.

तिला शीळ एकाच पाखराची यायची. तिच्या माहेरी त्याला हरोळी म्हणायचे. शाळेच्या पुस्तकात त्याचं नाव हरियल. पारव्याएवढं, अंगानं हिरवट-पिवळं, खांद्यावर जांभळी झाक, आणि पाय असे पिवळेजर्द की आत्ताच हळदीत बुडवून काढलेत. सरकारनं त्याला राज्यपक्षी केलंय हे बनुबाईला फार उशिरा, नातीच्या अभ्यासातून कळलं. ती म्हणाली, "बरं झालं. पर पाखराला सांगितलं का कुणी?"

तिचं माहेर मेढ्याच्या वरच्या अंगाला. डोंगराच्या कुशीत सात-आठ घरांची वस्ती, खाली भाताची खाचरं, वर नाचणीची पट्टी. वस्तीखाली झऱ्यापाशी एक जुनं उंबराचं झाड होतं. उंबर पिकला की हरोळ्या येत. पण आल्यात हे कळायचं कसं, हीच तर गंमत. झाडाखाली उभं राहावं, तर अंगावर टपटप फळं पडायची आणि वर नजर टाकावी तर नुसती पानं. पाखरू चाहूल लागली की जागच्या जागी थिजायचं. पानाच्या रंगाचं अंग, पानासारखं गप्प. चाळीस पाखरं डोक्यावर बसलेली असली तरी एक दिसायचं नाही. आणि कुणी टाळी वाजवली, की फडफडफड करून सगळी एकदम उठायची. झाडाचीच पानं उडून गेल्यासारखं वाटायचं.

बनूचे वडील केरबा यांना यावरचा उपाय ठाऊक होता. ते झाडाखाली उकिडवे बसायचे, जीभ वरच्या दातांमागं टेकवायचे आणि हळूच शीळ काढायचे. एक सूर वर, मग घसरत खाली, मग पुन्हा घोळत घोळत वर. माणूस चालता चालता आपल्याशीच गुणगुणतो तशी. थोडा वेळ काही नाही. मग पानांतून कुठून तरी तशीच शीळ यायची. मग दुसरीकडून. ज्या फांदीतून शीळ आली तिथं नजर लावून बसलं, की हळूहळू पिवळे पाय दिसायचे, मग छाती, मग टुकूटुकू बघणारा डोळा.

"त्यास्नी वाटतं आपलंच कुणीतरी इचारतंय," केरबा सांगायचे. "इचारल्यावर गप बसवत न्हाई त्यास्नी."

बनूच्या वरच्या दोन दातांमध्ये लहानपणापासून बारीक फट होती. त्या फटीतून तिची शीळ केरबांपेक्षाही गोल निघायची. सातव्या वर्षीच तिला ती साधली. केरबांना लेकीचं कौतुक होतं, पण ते कौतुक एकदा दोघांनाही महागात पडलं.

त्या काळात साताऱ्याकडून बंदूकवाले लोक शिकारीला डोंगरात यायचे. हरोळीचं मटण गोड, फळावर वाढलेलं, म्हणून त्यांचा त्यावर डोळा. केरबा त्यांच्यासाठी शीळ घालायचे. पाखरं उत्तर द्यायची, मग बंदूकवाल्याला नेमकी जागा कळायची. जाताना ते लोक केरबांना चहापत्ती, साखर देऊन जायचे. बनू नऊ वर्षांची असताना असेच दोघं आले आणि नेमका केरबांचा घसा बसलेला. आवाज निघेना, आणि शीळ घालायला जावं तर खोकल्याची ढास लागायची. केरबांनी बनूला पुढं केलं.

बनू हरखून गेली. मोठ्या माणसांनी आपल्याला काम सांगितलं याचाच तिला आनंद. उंबराखाली बसून तिनं शीळ घातली, आणि त्या दिवशी पाखरांनी उत्तर दिलं तसं पुन्हा कधी दिलं नसेल. चहूबाजूंनी शिळा. पुढचा आवाज बंदुकीचा होता. सात पाखरं खाली आली. एक तिच्या पुढ्यातच पडलं, जिवंत होतं. तिनं उचललं तर हाताला गरम लागलं आणि चोच उघडून मिटून त्यानं हातातच मान टाकली. चोचीतून अख्खं उंबर बाहेर घरंगळलं.

बनू रडली नाही. घरी येऊन कोपऱ्यात बसली आणि जेवायला उठली नाही. संध्याकाळी केरबा बसल्या घशानं कसेबसे म्हणाले, "बने, जेव की."

"आबा, मी त्यास्नी हाक मारली," ती म्हणाली. "मी हाक मारली म्हणून ती बोलली."

 पुढच्या साली ते बंदूकवाले पुन्हा आले, तेव्हा केरबांनी त्यांना वस्तीच्या तोंडावरच हात जोडले आणि सांगितलं, "सायेब, यंदा पाखरू आलंच न्हाई बगा. उंबर धरलाच न्हाई." उंबर पायथ्यापासून शेंड्यापर्यंत लदबदलेला होता. बापाला खोटं बोलताना बनूनं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, आणि तिला तो फार आवडला.

बहात्तरचा दुष्काळ सरला आणि पुढच्या उन्हाळ्यात बनूचं लग्न झालं. लालासाहेब तेव्हा तोफखान्यात शिपाई. सुट्टी वीस दिवसांची, त्यातले बारा लग्नात आणि पाहुण्यांत गेले. मग तो गाडीत बसून निघून गेला आणि सतरा वर्षांची बनू सासू भामाबाईंच्या ताब्यात राहिली.

पलूसची जमीन तिला अंगावर आल्यासारखी वाटायची. सगळं सपाट. नदीचं पाणी पाइपातून शिवारात यायला लागलेलं, ज्याच्या त्याच्या डोक्यात ऊस. उसाला सावली चालत नाही म्हणून बांधावरची झाडं तोडायची लाट आलेली. डोंगर नाही, झरा नाही, उंबर नाही. सकाळी उठून ती कान देऊन बसायची. चिमण्या होत्या, कावळे होते, होले होते. ओळखीचं कुणी नव्हतं.

लग्नाला सात महिने झाले तेव्हा भामाबाई तिला गुरुवारी औदुंबरला दत्ताच्या दर्शनाला घेऊन गेल्या. कृष्णेच्या घाटावर गर्दी, दत्ताचं नाव, नारळ, उदबत्तीचा धूर. पायऱ्या उतरताना बनू मध्येच थांबली. डोक्यावरच्या झाडातून शीळ आली होती. एक सूर वर, मग घसरत खाली.

तिला आपण कुठं आहोत याचं भान राहिलं नाही. डोक्यावर पदर, हातात पूजेचं ताट, आणि भर घाटावर तिच्या तोंडून शीळ गेली. खणखणीत. झाडानं उत्तर दिलं. पायऱ्यांवरच्या बाया थबकल्या. एक म्हातारी म्हणाली, "कुणाची गं ही? शीळ घालतीया!" भामाबाईंनी सुनेचं मनगट असं धरलं की बांगडी पिचली. दर्शन झालं, प्रसाद झाला, सासू तोंडातून चकार शब्द काढीना. बैलगाडीनं परत येताना, आता शिव्या बसणार आणि माहेरी धाडणार, अशी बनूनं मनाची तयारी केली होती.

गावची वेस दिसायला लागली तशा भामाबाई म्हणाल्या, "परत घाल बघू."

"काय आत्ती?"

"ती शीळ. परत घाल. पाखरं खरंच बोलली का मलाच भास झाला?"

बनूनं भीत भीत घातली. बैलांनी कान टवकारले. भामाबाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या, त्या डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. मग गंभीर होऊन म्हणाल्या, "घरात घालायची न्हाई. देवळात तर न्हाईच न्हाई. मळ्यात घालायची, आन् मी जवळ असताना घालायची. मला बी ऐकायची हाय."

त्या दिवसापासून सासूसुनेचं जमलं ते भामाबाई जाईपर्यंत.

विहिरीवर एक रायवळ आंबा होता. तो भामाबाईंनी कुणाला तोडू दिला नाही. लोणच्याचं झाड, असं त्या म्हणायच्या. लालासाहेब पुढच्या सुट्टीत येऊन गेले, आणि बनूला चौथा महिना असताना त्या आंब्यावर हरोळीचं जोडपं आलं. दोघींनी घरटं होताना पाहिलं. घरटं कसलं, दहा-पंधरा काड्या एकावर एक टाकलेल्या, इतक्या विरळ की खालून वर बघितलं तर दोन पांढरी अंडी दिसावीत. भामाबाईंना ते बघून चैन पडेना. "एवढं पाखरू, आन् घर हे असलं? मी जाऊन चार काड्या घालू का?" त्या म्हणायच्या. वारा सुटला की दोघी काम टाकून आंब्याखाली.

बनू दिवसभर विहिरीवर असायची, त्यामुळं तिला एक गोष्ट ध्यानात आली. सकाळ चांगली वर आली की अंड्यांवरचं पाखरू बदलायचं. मादी उडून जायची आणि नर येऊन बसायचा, तो ऊन उतरेपर्यंत हलायचा नाही. मग मादी परत यायची, ती रात्रभर बसायची. एकाही दिवशी यात चुकारपणा नाही.

"आत्ती, बघा की," बनू म्हणाली, "बाप्या बी बसतोय अंड्यावर."

"त्याला पलटणीत जायाचं नसंल," भामाबाई म्हणाल्या. आणि लगेच त्यांनी सुनेच्या पाठीवरून हात फिरवला. लालासाहेब तेव्हा राजस्थानात कुठं तरी होते. जयराज जन्मला तेव्हाही ते तिथंच होते. मुलाचं तोंड त्यांनी पाचव्या महिन्यात पाहिलं. आंब्यावरची पिल्लं त्याच्या आधीच उडून गेली होती.

फौजेच्या नोकरीत बनुबाईला नवऱ्याजवळ राहायला मिळालं ते एकच वर्ष, देवळालीला. तिथं क्वार्टरच्या मागं पिंपळ होता आणि त्यावर हरोळ्या यायच्या. लालासाहेब त्या काळात तिला शीळ घालायला लावायचे आणि शेजारच्या जवानांना सांगायचे, "बघा, आमची मंडळी पाखरांशी वायरलेसवर बोलती." तिथंच त्यांचा चांदसाहेबांशी जीव जडला. चांदसाहेब कराडजवळच्या मलकापूरचे, एकाच तोफेवर दोघं. ईदचा शीरखुर्मा तिकडून आणि दिवाळीची करंजी इकडून, हे पुढं कायमचं झालं.

चोवीस वर्षांची नोकरी करून लालासाहेब परत आले, तेव्हा त्यांची छाती तशीच होती, मिशी तशीच होती, फक्त कान गेले होते. पुरते गेले नव्हते. मोठ्यानं बोललेलं ऐकू यायचं, ट्रॅक्टर ऐकू यायचा. पण तोफांच्या आवाजानं बारीक, हळू आवाज सगळे खाऊन टाकले होते. परतल्यावर पहिल्याच आठवड्यात बनुबाईनं त्यांना आंब्याखाली नेलं, शीळ घातली. हरोळीनं उत्तर दिलं. बनुबाईनं नवऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं. ते वाट बघत उभे होते.

"घाल की," ते म्हणाले.

 ती म्हणाली, "आज पाखरू न्हाई आलेलं." बापासारखंच तीही त्या दिवशी खोटं बोलली. पण लालासाहेब खुळे नव्हते. त्यांनी तिच्या गालाकडं पाहिलं होतं. शीळ घालताना तिचे गाल कसे होतात ते त्यांना ठाऊक होतं.

महिन्याभरानं ते सांगलीला गेले आणि जुनी दुर्बीण घेऊन आले. "तू ऐक," ते म्हणाले, "मी बघतो."

मग तो त्यांचा रिवाजच झाला. पहाटेचं दूध काढून झालं की दोघं स्कूटरवर बसायची आणि कुंडलच्या रस्त्याला लागायची. त्या रस्त्याला तेव्हा दोन्ही अंगांना वड होते, पारंब्या रस्त्यावर लोंबायच्या. सकाळच्या कोवळ्या उन्हात हरोळ्या शेंड्याच्या वाळक्या फांदीवर येऊन बसतात, थंडीनं फुगून, छाती उन्हाकडं करून. ऊन अंगात मुरलं की खाली पानांत शिरतात आणि खायला लागतात. खाताना कसरती काय, उलट्या लटकतील, मान ताणतील, दुसऱ्याला ढकलतील. बनुबाई आवाजावरून दिशा सांगायची, "डाव्या अंगाला, दोन फांद्या फुटल्यात त्या दुबेळक्याच्या वर." लालासाहेब दुर्बीण फिरवायचे आणि सापडलं की तोफेचा नेम बरोबर बसल्यासारखे म्हणायचे, "मिळालं!" मग दुर्बीण तिच्या हातात.

लोक हसायचे. ही दोघं झाडाखाली काय शोधतात म्हणून विचारायचे. लालासाहेबांना ते ऐकू यायचं नाही आणि बनुबाई ऐकू येत नसल्यासारखं दाखवायची. हरोळी जमिनीला पाय लावत नाही असं लोक म्हणतात, ते खरं का, यावर त्यांचा अनेक वर्षं वाद चालला. लालासाहेब म्हणायचे लावत नाही. बनुबाईनं नदीकाठी एकदा हरोळीला पाणी पिताना पाहिलं होतं. ती लोंबत्या फांदीवरून उतरत उतरत पाण्यापर्यंत आली, पोटभर प्यायली आणि तशीच वर चढली. "न्हाई लावला पाय," लालासाहेब म्हणाले. "पर लावला असता," बनुबाई म्हणाली, "फांदी नसती तर."

रस्ता रुंद झाला तसे वड गेले. एका उन्हाळ्यात आठ, पुढच्यात पंधरा. भामाबाई त्याआधीच गेल्या होत्या. विहिरीवरचा आंबा विजेनं जळाला. सकाळची फेरी लांबत गेली, झाडं शोधत आणखी पुढं जावं लागायचं. शेवटी येरळा नदीच्या अंगाला एका जुन्या पडक्या मोटेच्या विहिरीजवळ एक वड राहिला होता, तो त्यांचा ठरला.

दोन वर्षांमागची गोष्ट. म्हशीला खुराक ठेवायला बनुबाई वाकली आणि म्हशीनं माशी हाकलायला मान झटकली. शिंग तोंडावर आलं. रक्त धुतल्यावर पाहिलं तर वरचे पुढचे दोन दात गेलेले. गावातल्या डॉक्टरनं जखम बरी झाल्यावर काढ-घाल करायची कवळी बसवून दिली. दिसायला झकास. जयराज म्हणाला, "आई, आता फोटोत हास." बनुबाई गोठ्यामागं गेली आणि शीळ घालायचा प्रयत्न केला. नुसती फुंकर. जीभ प्लास्टिकला अडत होती. कवळी काढून घातली, तर त्याहून मोठी फुंकर. ती मुकाट घरात आली आणि भाकऱ्या थापायला बसली.

तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगायचं तरी काय? या वयात दातांचं जायचंच. पण तीन आठवड्यांनी लालासाहेब फौजी दवाखान्यातून परत आले ते कानात मशीन घालूनच. वर्षानुवर्षं त्यांनी टाळलं होतं, आता चांदसाहेबांच्या आग्रहानं घेतलं. बोटाच्या पेराएवढं, कानामागं बसणारं. ते दारात उभे राहिले आणि म्हणाले, "बने, नळ ठिबकतोय."

"व्हय की. कवाचा ठिबकतोय."

"मला ऐकू येतोय!" त्यांनी तिला हाताला धरून ओट्यावर बसवलं. तीस वर्षांत कधी नव्हे ते पोरासारखे झाले होते. "आता घाल. शीळ घाल."

बनुबाईनं तोंडावर पदर घेतला. मग कवळी काढून हातावर ठेवली आणि त्यांना दाखवली.

लालासाहेबांनी ते दोन दात निरखून पाहिले. मग उठून फोनवर चांदसाहेबांना म्हणाले, "गड्या, तुझी नात दाताची डॉक्टर झाली न्हवं?"

चांदसाहेबांची नात अर्फा. नवीनच दवाखाना टाकलेला, मलकापुरात. दोघं एसटीनं कराडला आणि तिथून रिक्षानं गेली. अर्फानं आजी म्हणून पायावर हात ठेवला, खुर्चीत बसवलं, तोंड तपासलं.

"आजी, कवळी बोचतेय का? खाताना त्रास होतो?"

"खायाचं काय न्हाई पोरी. शीळ यीना."

अर्फाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मग लालासाहेबांनी सगळं सांगितलं, मोठ्या आवाजात, कान गेलेल्या माणसाच्या सवयीनं. बाहेर बाकावर बसलेले चार पेशंटही कान देऊन ऐकत होते. अर्फानं फोन काढला, त्यावर हरियलचा आवाज शोधला आणि लावला. "असा का आजी?"

बनुबाईनं डोळे मिटून ऐकलं. "हाय त्योच. पर ह्यो आपल्याकडचा न्हाई. ह्याची बोली येगळी हाय."

अर्फानं बघितलं. रेकॉर्डिंग आसामकडचं होतं. तिनं फोन खाली ठेवला आणि खुर्ची जवळ ओढून घेतली. तिथून पुढं तिनं हे काम मनावर घेतलं.

टाळूवर प्लास्टिक येऊन चालणार नाही, जीभ मोकळी हवी, म्हणजे शेजारच्या दातांना धरून पक्के दात बसवावे लागतील, असं तिनं सांगितलं. बनुबाईनं मान डोलावली आणि म्हणाली, "मधी फट ठिव."

"आजी, लोक माझ्याकडं फट बुजवायला येतात."

"मला पायजे. तिच्यातनंच वारा जातो."

"किती मोठी होती?"

आता आली पंचाईत. फट किती होती हे तोंडात असताना कुणी मोजलं नव्हतं. लग्नाच्या फोटोत बनुबाईचं तोंड मिटलेलं, तेव्हा नवरीनं हसायची पद्धत नव्हती. इतर फोटोंत पदर तोंडावर. अर्फा म्हणाली, अंदाजानं करू. तेव्हा लालासाहेबांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून पाकीट काढलं आणि त्यातून कडा झिजलेला एक काळा-पांढरा फोटो काढून टेबलावर ठेवला.

देवळालीचा पिंपळ. त्याखाली वीस-बावीस वर्षांची बनू, मान मागं टाकून खदखदा हसणारी. कुणी काढला, कशाला हसत होती, तिला काही आठवेना. असा फोटो आहे हेच तिला माहीत नव्हतं.

"आवं, ह्यो कवाचा?"

"माझ्या किटात असायचा," लालासाहेब फोटोकडंच बघत म्हणाले. "कुठं बी बदली झाली तरी."

 अर्फानं भिंग घेतलं आणि फोटोवर वाकली. फोटो स्पष्ट होता. फट दिसत होती.

तीन वेळा मलकापूरला जावं लागलं. पहिल्यांदा तात्पुरते दात बसवले, बनुबाईनं शीळ घातली, साप फुसफुसल्यासारखा आवाज आला. अर्फानं मागच्या बाजूनं घासून दात पातळ केले. दुसऱ्यांदा आवाज आला पण फाटका. पुन्हा घासणं, पुन्हा बसवणं. तिसऱ्या खेपेला बाहेरच्या बाकावरून एक माणूस आत डोकावला आणि म्हणाला, "डॉक्टर, आत पाखरू शिरलंय का?" अर्फानं हातमोजे काढले आणि आजीच्या गळ्यात पडली.

पण दवाखान्यातली शीळ निराळी आणि वडाखालची निराळी. फाल्गुन लागला होता, वड लालबुंद फळांनी भरला होता. सकाळी जयराजनं दोघांना मोटारसायकलीनं एकेक करून येरळेच्या अंगाला सोडलं. खाली फळांचा सडा पडलेला. टपटप चालूच. वर एक पाखरू दिसेना. लालासाहेबांनी दुर्बीण गळ्यात अडकवली होती, पण हात लावला नाही. ते पडक्या विहिरीच्या कठड्यावर बसले आणि मशीनचं बटण फिरवून आवाज मोठा केला.

बनुबाईनं जीभ दातांमागं टेकवली. पहिली शीळ अर्ध्यातच विरली. तिनं ओठ ओले केले, पुन्हा घातली. एक सूर वर, घसरत खाली, घोळत पुन्हा वर.

वड गप्प. टपटपही थांबली होती.

 बनुबाई वाट बघत राहिली. आपली बोलीच बदलली असेल, तिला वाटलं. नव्या दातांची बोली. पाखरांना कळणार नाही.

मग उजव्या अंगाकडून, उंचावरून, उत्तर आलं.

लालासाहेब ताडकन उभे राहिले. "आत्ता घातली ती तू का त्यानं?"

"आधीची मी. ही त्यानं."

आणखी एकानं घातली. मग मधल्या फांदीतून तिघा-चौघांनी. वडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शिळा फिरायला लागल्या. लालासाहेब जागच्या जागी वळत होते, इकडं बघ, तिकडं बघ, हात अर्धवट वर उचललेला. दुर्बीण छातीवर नुसतीच डुलत होती. त्यांच्या मिशीवर पाणी ओघळलं होतं ते त्यांनी पुसलंही नाही.

"असं असतंय व्हय," ते म्हणाले. "असं असतंय. देवळालीचं पार इसरलो हुतो. तू बी कवा सांगितलं न्हाईस."

"काय सांगायचं? शिळंचं काय सांगायचं माणसानं?"

"आणि एकदा घाल."

"आता नगं. त्यास्नी खाऊ द्या."

ती त्यांच्या शेजारी कठड्यावर बसली. जयराज न्यायला आला तेव्हा ऊन चांगलं तापलं होतं, पाखरं सावलीला गेली होती, आणि म्हातारा-म्हातारी तशीच बसून होती.

घरी आल्यावर लालासाहेबांनी मशीनचा आवाज कमी केलाच नाही, त्यामुळं त्यांना आणखी बऱ्याच गोष्टी ऐकू यायला लागल्या. कुकरची शिट्टी, म्हशीचं रवंथ, सुनेच्या फोनवरची बोलणी. दुपारी बनुबाई चुलीपाशी बसून नेहमीप्रमाणं तोंडातल्या तोंडात बोलत होती: ह्या माणसानं चपला परत उंबऱ्यात काढल्या, पाण्याचा तांब्या परत खाटेखाली ठेवला, आता कुणी शोधायचा?

"तांब्या कोनाड्यात ठेवलाय," लालासाहेब बाहेरून म्हणाले.

बनुबाईचा हात पिठातच थांबला. तीस वर्षं ती या चुलीपाशी मनातलं सगळं बोलत आली होती.

"ऐकू आलं व्हय तुमास्नी?"

"सगळं. चपलांचं बी."

"मग आता मी बोलायचं कुठं?" ती म्हणाली आणि हसायला लागली, पदर न घेता.